गेल्या आठवड्यात

वार्डोच्या दवाखान्यातला कागद:
अजिबात नाही, थोडंसं, बरंच, फार.
गेल्या आठवड्यात बोटांना मुंग्या आल्या का?

ओडवार चष्मा पुसतो.
चाळीस वर्षं याच बोटांनी
बारेन्ट्स समुद्रातला कॉड साफ केला,
पहाटे उघड्या हातांनी बर्फ उपसला.
आता फ्रिजमधून दूध काढायचं
तरी गुन्वोरचे लोकरी हातमोजे,
आणि बिअर कोमट,
नाहीतर घशात काचा.
'बरंच'वर फुली.

घरात, चारचौघांत वावरताना अडचण आली का?

कमरेला पंप, शेचाळीस तास.
पोटावर पिशवी.
लोक नावं ठेवतील म्हणून
त्यानं स्वतःच तिला नाव ठेवलं, बोरघिल्ड,
शाळेतल्या एका कडक बाईंचं.
नात फोनवर विचारते, बोरघिल्ड झोपली का?

रविवारी चर्चमध्ये,
पाद्री श्वास घ्यायला थांबले नेमके तेव्हा
बोरघिल्ड बोलली.
चांगली लांबलचक.
पुढच्या बाकावरच्या टोप्या वळल्या.
ओडवारच्या कानांच्या पाळ्या लाल.
आणि गुन्वोर, लग्नाला एक्केचाळीस वर्षं,
पर्स मांडीवर नीट ठेवत म्हणाली,
'माफ करा हं, माझंच.'
घरी येईपर्यंत दोघं
हसू दाबत चालले, बर्फावरून, हळूहळू,
त्याला तळव्यांखालची जमीन कळत नाही म्हणून
दंडाला धरून.

याला चौकोन नाही.

शेवटचा प्रश्न: एकूण जगणं कसं होतं?
एक ते सात, एकाच आकड्याला गोल.

पेन्सिल बोटांतून निसटते.
'तूच काढ,' तो म्हणतो.

गुन्वोर कागद जवळ ओढते.
'रविवार धरून?'