घंटा माझ्याकडे होती

अकरा वर्षं मी त्यांच्या डावीकडे उभी होते.
तुम्हाला आठवणार नाही. पडद्यावर माझा हातच यायचा,
बांगड्या काढलेला, कारण माइकमध्ये किणकिण जाते.
"वेळ संपली" एवढंच माझं वाक्य.
घंटा माझ्याकडे होती.

हरेश्वर धुरू स्टुडिओत शिरायचे ते धावतच,
घेणेकरी मागे लागल्यासारखे,
आणि बऱ्याचदा तो खरंच लागलेला असायचा,
वरळीच्या गेटवर, स्कूटर बंद न करता.
"बोला झटपट!" म्हणत हात वर गेला की
टाळ्यांसाठी आणलेली माणसं
मनापासून टाळ्या वाजवायची.

त्याआधी ते गिरणीत होते, फोल्डिंग खात्यात.
जॉबरची चाल, कारकुनाचा खोकला, सगळं उचललेलं.
भोंगा तर तोंडाने असा काढायचे
की एकदा अर्धी पाळी
वीस मिनिटं आधीच डबे घेऊन फाटकाबाहेर.
नोकरी त्यात गेली. नाव त्यातच झालं.
मग मांडव, बारशी, बँकांची स्नेहसंमेलनं,
दोन नाटकांत नोकर, तिसऱ्यात नोकराचा काका.
"मालकाचं काम कधी?" मी एकदा विचारलं.
म्हणाले, "मालकाला कोण हसतं बाई?
मालक हसला की बाकीचे हसतात."

स्पर्धक यायचे कपड्यांना कडक इस्त्री करून,
ओठ कोरडे.
कुकर, मनगटी घड्याळ,
आणि शेवटच्या फेरीला शिलाई मशीन,
ज्याला मी दर गुरुवारी फडकं मारायची.

इंदुमती रेवाळे, भांडुप.
तानसा तलाव कुठल्या जिल्ह्यात?
पंधरा सेकंद.
बाई मशीनकडे बघत राहिल्या.
बारा. तेरा. धुरूंनी माझ्याकडे पाहिलं,
त्या नजरेत गंमत नव्हती.
मग त्यांना शिंक येऊ लागली.
येते, येते, रुमाल सापडत नाही,
शिंक परत जाते, वळून येते,
लोक खुर्च्यांतून घसरले,
आणि त्या हशाच्या आत कुठेतरी, बारीक आवाजात,
"ठाणे."
एकतीस सेकंद झाले होते.
घंटा माझ्या मुठीत गरम झाली होती.

मेमो दोघांना आला.
त्यांनी उत्तर लिहिलं एकट्याच्या सहीने,
शुद्धलेखनाच्या चार चुका करून.
पुढच्या तिमाहीत कार्यक्रम बंद.
नंतर वाहिन्या वाढल्या, दिवे वाढले,
बक्षिसात मोटारी आल्या,
आणि धुरू दहिसरच्या सोसायट्यांत
हळदीकुंकवाला उखाण्यांच्या स्पर्धा घेत राहिले,
पाकीट न उघडता खिशात घालत.

काल वॉर्डात गेले होते. मोसंबी घेऊन.
डॉक्टर लहान पोरगाच, कागद पुढ्यात,
"आजोबा, आज वार कोणता?"
धुरूंनी सवयीने डावीकडे पाहिलं.
मी तिथेच होते.
डॉक्टरचं पेन कागदावर टकटक करत होतं.
नाक आक्रसलं. भुवया वर गेल्या.
येते, येते,
शेजारच्या खाटेवरचा सलाईनसकट उठून बसला,
नर्स तोंडावर हात धरून हसली,
सगळा वॉर्ड हसला,
हसून थांबला.

पुढे काही आलं नाही.

बुधवार होता. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं,
मी मोसंबी सोलत राहिले.
सोळा. सतरा.
"वेळ आहे अजून," मी म्हटलं.