बोटांकडून

नागोजीदादाच्या उजव्या पायाला आता चार बोटं.
करंगळी दवाखान्यात राहिली, गेल्या माघात.
डॉक्टर म्हणाल्या, मोजे घाला,
पण आत शिवण नको.
साखरेनं यांना टोचलेलं कळत नाही,
आणि न कळता टोचतं तेच चिघळतं.

खडेबाजारात मोजे उलटे करकरून पाहिले,
मग कॅम्पात.
प्रत्येकाच्या बोटांपाशी एक कड,
मुंग्यांच्या रांगेएवढी.
एवढी चालते की ओ, दुकानदार म्हणाला.
पाय तुमचा नाही, म्हटलं, आणि लोकर घेऊन आले,
राखाडी, दोन गुंड्या.

मी आजवर वरून विणत आले.
आधी काठ, मग नळी, मग टाच,
शेवटी बोटांवर तोंड शिवून टाकायचं,
पोत्याचं शिवतात तसं.
आता उलटं.
जिथं संपवायचे, तिथून सुरू.

वडगावच्या नीलव्वानं दाखवलं.
तिला मराठी कळतं, बोलवत नाही.
माझं कन्नड बाजारापुरतं: भाव, आणि साकु.
दोन सुया एकीवर एक धरायच्या.
लोकर मधून घालून वरच्या सुईवरून मागं,
पुन्हा मधून, खालच्या सुईखालून पुढं.
एंटु, ती म्हणाली. आठ काढ.
मी मराठी आठ काढायला गेले
आणि अडकले. तो बंदच होत नाही,
दार लोटून कुणी गेल्यासारखा
एका बाजूनं उघडा.
तिनं माझी बोटं धरली. इंग्लिश, अक्का, इंग्लिश.
दोन खोल्या, मधे भिंत नाही, नुसतं ओलांडणं.

ओंदु, एरडु. ओंदु, एरडु.
वर एक, खाली एक.
सुया हलल्या, सगळं गळून मांडीवर.
बिच्चु, ती म्हणाली.
उसव, हे मला न सांगता कळलं.
चारदा बिच्चु. पाचव्यांदा बसले,
सहा वर, सहा खाली.
खालचे टाके पाठ फिरवून बसतात,
त्यांना पहिल्या फेरीला मागून धरायचं.
मधली ओळ सैल राहते,
तो सैलपणा सुईच्या टोकानं
टाक्याटाक्यातून हाकलत न्यायचा
शेपटीपर्यंत.

मग वाढवणं.
अंगठ्याच्या बाजूला भराभर,
बाहेरच्या बाजूला सावकाश, दोन फेऱ्या सोडून एक.
तिथं घाई नव्हती.
तिथं कुणी नव्हतं.

दादा पायरीवर बसून बघत होता.
काय करूलालीस गे, एवढ्याशा टोपीला दोन दिवस?
सव्वीस वर्षं तो चंदगड गाडीवर कंडक्टर.
म्हणाला, बाची सुटून शिनोळी आली
की डांबर बदलायचं,
गाडी एक आचका खायची,
झोपलेली माणसं मान सावरून परत झोपायची.
मला मात्र तळपायात कळायचं,
राज्य बदललं.
तेव्हा कळायचं, म्हणाला, आणि गप्प झाला.
आमच्याकडे शीव म्हटलं की लोक आवाज चढवतात.
मी टाके मोजत होते. बावीस. चोवीस.

टोपी चवड्यापर्यंत आली तेव्हा त्याच्या पायात घातली.
बोटांकडून विणण्याचं हे एक बरं,
अर्ध्यातच घालून बघता येतं.
लागतं का कुठं?
नाही.
पण त्याच्या नाहीवर विसंबायचं कसं?
त्यालाही ते कळलं.
त्यानं मोजा काढला,
उजव्या हाताचा अंगठा आत घातला,
नोटा मोजून मोजून ज्याची रेघ गेली तो अंगठा,
आणि डोळे मिटून टोकावरून फिरवला,
इकडून तिकडे. परत.
बराच वेळ.
आचका नाही गे, म्हणाला.

नीलव्वानं संध्याकाळी उलटसुलट करून पाहिलं.
होलिगे इल्ल, एवढंच बोलली,
आणि सुटलेली शेपटी दाताखाली धरायला गेली.
मी ओरडले, थांब,
ती आधी आत जिरवायचीय.

डावा अजून व्हायचाय.
त्या पायाला पाच आहेत.
दुसरी गुंडी सोडून बसलेय,
पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं,
सहा पुरणार नाहीत.