कंबरमोडी, दहा टक्के

जशुभाई म्हणतात, बेन, यांना नाव ठेवायचं नाही.
नाव ठेवलं की सोळाव्या दिवशी हात कापतो.
म्हणून शेपटीवर निळ्या शाईच्या रेघा फक्त:
एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.
गट चौथा. साखर तीनशेच्या वर.
पाठीवर रुपयाएवढी जखम,
आम्हीच केलेली, भूल देऊन,
समितीची सही घेऊन.

पाला मी स्वतः खुडून आणला
फतेगंजकडच्या रेल्वेच्या कुंपणाखालून,
जिथं तो कुणी न लावता उगवतो
आणि कुणी न बघता तुडवला जातो.
लांब दांडी, टोकाला इवलंसं फूल,
तेही धड पांढरं नाही, धड पिवळं नाही.
खो-खोत गुडघा फुटला की
कुणीतरी हाच पाला तळहातावर चुरायचं
आणि हिरवा थेंब पिळायचं वरून.
अशी आग व्हायची
की रडायचं राहूनच जायचं.

इथं त्याला तिरप्या अक्षरातलं लॅटिन नाव आहे.
सावलीत वाळवला, दळला,
अल्कोहोलच्या वाफेत दिवसभर उकळला.
टोपलीभर पाल्याचा शेवटी
चहाच्या कपात मावेल एवढा काळपट चिखल.
त्यातलं दहा टक्के मलमात.
उरलेलं नव्वद नुसतं मलम,
वासाला शाळेच्या दवाखान्यासारखं.

दर चौथ्या दिवशी
पारदर्शक कागद जखमेवर धरते,
पेनानं काठ गिरवते,
मग आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजते.
अर्ध्याहून मोठा, तो एक.
अर्ध्याहून लहान, तो नाहीच.
तीनशे बारा. दोनशे चार. एकशे एकवीस.
मे महिन्यातल्या आजव्यासारखे
काठ आत आत येत जातात.

फक्त तीन रेघांचा
तिथंच थांबलाय. दोनशे सत्तर.
खातो, पाणी पितो, भुशात नाक खुपसून झोपतो,
जखम मात्र उघड्या डोळ्यासारखी.

सर म्हणाले, कुसुंबीताई,
हा एक वगळला तर आलेख कसा छान उतरतो.
वाईट नाहीत सर. त्यांनाही वरती कुणाला तरी
आलेख दाखवायचा आहे.
उद्या सांगते, म्हटलं.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही:
भाच्याच्या लग्नाला मंगळबाजारातून सँडल घेतले,
डाव्या करंगळीखाली चावले.
मला दुखलंच नाही.
रात्री मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं.
माझ्या पायाचा निरोप हल्ली
माझ्यापर्यंत पोचता पोचता वाटेत कुठंतरी बसतो.
सकाळची साखर दोनशे साठ.
थोडक्यात चुकला माझा गट.

जशुभाईंनी लंगडणं हेरलं.
लगावून टाका ना बेन, फ्रिजमध्ये डबी आहे,
तुमचाच पाला, तुमचंच मलम.
मी डबी उघडली. वास घेतला.
गुडघा आठवला, ती आग आठवली.
झाकण लावलं.
त्या डबीबद्दल मला फक्त बारा दिवस माहीत आहेत,
तेही उंदरांचे.
संध्याकाळी डॉक्टरांच्या रांगेत बसले,
नंबर एकोणीस.

पट्टी बांधायच्या आधी सिस्टरला म्हटलं, एक मिनिट.
पर्समधून पारदर्शक कागद काढला,
वाकून काठ गिरवला.
तिला वाटलं असेल बाई वेडी आहे.
घरी येऊन मोजले: छप्पन्न.
दोन चौकोन अर्ध्यावर अडले होते,
ते दोन्ही मी धरले.

सकाळी नोंदवहीत लिहिलं,
गट चौथा, उंदीर तिसरा, दिवस बारावा,
दोनशे सत्तर. वगळलेला नाही.
आलेखाची एक दांडी
त्यानं बरीच लांब होते, होऊ दे.

पिंजऱ्याशी गेले तेव्हा तो भुसा उकरत होता.
जशुभाई दुसरीकडे बघत म्हणाले,
हा खातो बराबर, बेन.
हो, म्हटलं, मीही.
आणि चिमट्यात कापूस धरून
त्याच्या पाठीवर मलमाचं बोट
इतरांइतकंच, मोजून, लावलं.