कथील

दार उघडायला अजून दीड तास.
ब्रदर पांक्राट्स किल्ली देतात आणि रोजच्यासारखं विचारतात,
"आज कोण?"
जणू मी दवाखान्यात फेरीला निघालेय.
आज ती लहानगी, मी म्हणते.
नाव नऊ शब्दांचं, पेटी चार वितींची.
पायथ्याचा सांधा उकललाय.

खाली व्हिएन्ना नाही, नुसता गारवा.
भिंतीपलीकडे आता मोटारींचं तळघर आहे,
कधीकधी कुणाचा तरी भोंगा चुकून वाजतो
आणि एवढी सगळी राजघराण्यातली माणसं
कूस न बदलता पडून राहतात.

इथं नुसती धडं.
काळजं चार गल्ल्या सोडून, ऑगस्टिनर चर्चमध्ये,
चांदीच्या डब्यांत, फळीवर ओळीनं,
मुरांबा घालून ठेवावा तशी.
आतडी स्टेफान चर्चच्या खाली, तांब्याच्या भांड्यांत.
एका माणसाचे तीन पत्ते.
नवी होते तेव्हा मला याचं हसू यायचं.
पोटात काय ठेवलं आणि काळजात काय,
याचा हिशेब इतका चोख
मेल्यावर तरी कुणी ठेवतं का?

एका पेटीवर कवटी आहे, कवटीवर मुकुट.
दर वसंतात मी तिचे दात घासते.
आधी डावीकडचे.
डोळ्यांच्या खोबणीत एक कोळी राहतो,
त्याला मी नोंदवहीत घेतलेलं नाही.

पेट्यांना खातो तो गंज नाही.
लोक येतात, टोपी काढतात, वाकून पाहतात,
आणि श्वास सोडतात.
तो धातूवर बसतो, त्याचं दव होतं,
आणि आतल्या आत कथील भुसभुशीत होत जातं,
जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखं.
म्हणून मी तोंडाला फडकं बांधते.
त्यांचं मला काही होऊ नये म्हणून नाही,
माझं त्यांना.

मार्चात पत्र आलं.
सिमरिंगची दफनभूमी, गट एकशे एकोणीस, रांग चार,
एंगेलबेर्ट वोप्फनर.
दहा वर्षांची मुदत संपली आहे.
भाडं न भरल्यास जागा मोकळी करण्यात येईल.
खाली शिक्का, शिक्क्याखाली कुणाची तरी घाईची सही.

बाप नळजोडणीवाला.
फाव्होरिटनच्या निम्म्या न्हाणीघरांत
फरश्यांआड त्याचे सांधे आहेत,
अजून एक थेंब न गळणारे.
लोक अंघोळ करतात, गातात, भांडतात,
पाणी त्याच्या हातांतून जातं
आणि कुणाला माहीत नसतं.
शेवटच्या वर्षी तो खोकायचा तेव्हा
आई म्हणायची, शिसं बोलतंय.

माझ्या पिशवीत त्याची डाखेची कांडी आहे.
वापरायची नसते. नियम आहेत,
प्रयोगशाळेतून आलेल्या डब्यावर आकडा असतो,
मिश्रणाचं प्रमाण असतं.
पण आज डबा रिकामा निघाला,
किंवा मी तो घरी विसरले,
किंवा विसरले असं म्हणूया.

कांडी बोटभर उरली होती.
ज्योत धरली. ती आधी हटून बसली,
मग एकदम पाण्यासारखी धावली,
फटीत शिरली, चमकली, निवली.
बाप म्हणायचा, सांध्यावर फुंकर मारू नकोस,
त्याला आपणहून थंड होऊ दे.
मी श्वास धरून बसले.
किती वेळ, ठाऊक नाही.
त्या पोरीला कधी कुणी कडेवर घेतलं असेल का,
असला काहीतरी विचार मनात येत होता,
आणि बापाचे हात, चिरांतून काळे.

नोंदवहीत लिहिलं:
पायथा, उजवा कोपरा, डाख दिली.
प्रमाणाच्या रकान्यात रेघ मारली.

वर आले तर पहिला घोळका दारात उभा,
ओल्या कोटांचा, गरम तोंडांचा.
ब्रदर पांक्राट्स म्हणाले, झालं का बाळाचं?
मी हो म्हणाले.
पत्र अजून फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली.
शुक्रवारपर्यंत वेळ आहे.