थंड पाणी

नोव्हेंबरात जर्सींना वास होता नव्या कापडाचा,
जरा गर्विष्ठ.
पहिले दोन सामने पोरी जिंकल्या
आणि वाळत घालताना मी म्हणे शीळ घातली.
मला आठवत नाही,
जिम झाडणारा रॉस्को अजून सांगतो.

मग हरू लागल्या.
आधी एका गुणाने. शेवटचा चेंडू
रिंगवर घुटमळला, निघता निघता
दारात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा,
आणि बाहेर पडला.
मग नऊ गुणांनी. मग एकोणतीस.
मग नदीपलीकडच्या त्या कॉलेजकडून,
जे दरवर्षी आमच्याकडून हरायचं.

मी सामने पाहत नाही. तळघरात असते.
छतातून बुटांच्या किंकाळ्या येतात, शिट्टी येते,
लोक गप्प होतात तेही ऐकू येतं.
बाकीचं मला कपडे सांगतात.
घाम तो घाम, साबणाला काय कळतंय,
असं रॉस्को म्हणतो.
रॉस्कोने कधी धुतलेत?

हरलेली जर्सी उलटी येते,
डोक्यावरून ओरबाडून काढलेली.
चार नंबरचा गळा उसवलेला,
ओडालिसचा फ्री थ्रो चुकला की ती तो दातांत धरते.
डिसेंबरात दोनदा टाके घातले, जानेवारीत पाचदा,
फेब्रुवारीत मी मासे पकडायचा दोरा आणला.
बावीस नंबर फक्त डाव्या काखेत झिजलेली,
केझायाचा गुडघा गेला नाताळाआधी,
ती कुबडीवर जर्सी घालून बसते.
कोच डेलगार्डबाईंच्या खिशातून
एक कागद भिजून निघाला:
बाण, वर्तुळं, खोडलेली नावं,
तळाशी दूध, अंडी.

आणि चौदा नंबर.
ब्रिन हालवर्सन, बिटाच्या शेतावरची.
बाप नव्वद मैल ट्रक हाकत येतो
उणे सत्तावीसमध्ये,
खुर्चीवरच्या पोरीला बघायला.
तिची जर्सी घडी करून यायची. स्वच्छ.
एकदा मी ती तशीच फळीवर ठेवली,
वाटलं, पाणी वाचेल.
पोरगी दारात आली.
बाकीच्यांबरोबर टाका ना, म्हणाली.
टाकली.
त्यानंतर दर वेळी टाकली,
न मळलेली.

शेवटच्या सामन्यात एकतीस गुण मागे,
दोन मिनिटं उरली, तेव्हा तिला उतरवलं.
मला वर काहीतरी आपटल्याचं कळलं,
आणि लोकांचा एक आवाज आला,
नोव्हेंबरातला.

रात्री चौदा नंबर उलटी आली.
कडेला रक्त, नाण्याएवढं. कोपर फुटलं असणार.
आईने शिकवलेलं:
रक्ताला थंड पाणी, मीठ, आणि उशीर नको.
गरम पाण्याने डाग घर करतो.
अंगठ्याने चोळत राहिले.
दहा मिनिटांत साफ.

सकाळी ब्रिन आली, कोपराला पट्टी.
जर्सी दिव्यासमोर धरली,
कड बोटांत घेऊन फिरवली,
मागून, पुढून.
गेला?
गेला, म्हणाले मी,
चाळीस वर्षं धुणाऱ्या बाईच्या तोऱ्यात.
मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

चार विजय, तेवीस पराभव.
पार्किंगच्या कडेला बर्फ काळा पडलाय,
वितळायचं नाव नाही.
पंधरा जर्सी खोक्यात, वर डांबरगोळ्या.
खोक्यावर वर्ष लिहायचं असतं.
पेन हातात आहे
आणि चौदा नंबर मी परत बाहेर काढलीये,
ट्यूबखाली तिरकी धरलीये.

काय शोधतेस वर्ना, रॉस्को विचारतो.
काही नाही, म्हणते.
शिवण बघतेय.