पाणी कुठपर्यंत

कॅनडा कॉर्नरला, दाताच्या दवाखान्यावर आमचं ऑफिस.
लिफ्ट दुरुस्तीचं. मी फोन घेते.
गावभरच्या एकशे ऐंशी लिफ्ट,
चार मेकॅनिक, दोन स्कूटरी,
आणि कोठावदे साहेब, जे दर सोमवारी म्हणतात,
"शिरसाठ मॅडम, जरा सिस्टिम लावा."

लावली की.
आधी डायरी. तिच्यात मार्चपर्यंत अक्षर चांगलं आहे.
मग पिवळ्या चिठ्ठ्या, त्या पंख्याने वाटून टाकल्या.
मग एक्सेल, तातडीचं ते लाल,
आणि दहा दिवसांत सगळी शीट
लग्नातल्या शालूसारखी.
मग भाच्याने मोबाइलवर काहीतरी टाकून दिलं,
ते मला आठवण करायचं
की तुम्ही आठवण पुढे ढकलली आहे.

शेवटी मेनरोडवरून बिलं टोचायची सळई आणली,
वीतभर, लाकडी पाटावर उभी.
फोन आला की चिठ्ठी, चिठ्ठी लिहिली की टोच.
आणि सळईवर नेलपॉलिशने तीन खुणा:
गुडघा, कंबर, छाती.

नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही.
गंगेला पूर आला की आपण आकडे कुठे विचारतो?
दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत, एवढंच.
कमरेला म्हटलं की पुलावर बघायला जायचं,
छातीला म्हटलं की सराफ बाजाराने दुकानं आवरायची.

तसंच माझं.
गुडघ्याखाली असेल तर मी डबा खाते,
सावकाश, लोणच्यासकट.
कंबर आली की सिडकोत असलेल्या मुश्ताकला
तसाच पुढे पाथर्डी फाट्याला धाडते.
छातीला लागलं
की साहेबांच्या केबिनच्या दारात उभी राहते,
बोलत नाही, सळई दाखवते.
ते म्हणतात, "बरं, बाहेरची माणसं बोलवा."
अकरा वर्षांत इतकं कमी बोलून
माझं काही मान्य झालं नव्हतं.

ऑगस्टात इंदिरानगरची वीज दोन दिवस ये-जा करत होती
तेव्हा सळई टोकापर्यंत भरली.
ओसरायला आठवडा गेला.
आणि तळाशी माझ्याच अक्षरात एक चिठ्ठी निघाली:
"गंगापूर रोड, गायधनी, तिसरा मजला.
दार लागताना खडखडतं. घाई नाही म्हणाले."
तारीख जूनची.

वरची काढायची, खालची राहायची.
सळई घेताना हे सुचलं नव्हतं मला.
जे ओरडले त्यांच्या लिफ्ट चालू झाल्या.
घाई नाही म्हणणारा माणूस
सगळ्यांच्या खाली, टोचलेला,
अडीच महिने.

ती उचलली तर तिच्याखाली अजून एक.
"चष्म्याचा नंबर तपासणे."
पत्ता लिहिला नव्हता. माझाच होता.

शनिवारी प्रल्हादच्या मागे बसून मीच गेले.
गायधनी सर रागावले नाहीत,
त्यानेच जास्त कसंतरी झालं.
लिफ्टच्या फटीत एक पत्रिका घडी करून खोचलेली,
कुणाच्यातरी मुंजीची.
"बसवली की आवाज येत नाही," म्हणाले,
"दर मंगळवारी निसटते, मी परत बसवतो."
मंगळवारीच का?
"ते काही कळलं नाही बुवा."
प्रल्हादने रोलर बदलला. वीस मिनिटं.

मारुतीला मागच्या बाजूलाही तोंड आहे
हे मला उशिरा आठवलं.
आता रोज वरून काढायचं,
आणि गुरुवारी सगळा गठ्ठा उपसून
उलटा टोचायचा.
साहेबांना वाटतं मी धूळ झटकते.

चष्म्याची चिठ्ठी गेल्या गुरुवारी सगळ्यात वर आली होती.
वाचली, जरा लांब धरून,
आणि परत टोचली.

मुंजीची पत्रिका मी मागून आणली आहे.
ती पाटाला लागून, सगळ्यात खाली.
गठ्ठा उलटला तरी तिला पुन्हा तळाशीच ठेवते.
नव्या पोरीने विचारलं, ही कुठली तक्रार?
म्हटलं, झालेली आहे.
राहू दे.