तास

दोमेंती आला तेव्हा कुतायसीत गारा पडून गेल्या होत्या.
काडेपेटीत कापूस, कापसात सुई.
"बघ जरा. घड्याळं दुरुस्त करतेस, भिंग आहे तुझ्याकडे."

आधी त्याने तबकडी धुतली होती साबणाच्या पाण्याने,
मग स्पीकरची तार बदलली,
मग डॉक्टरला कान दाखवून आला.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.
सुईचा संशय येणार कसा?
ती झिजत होती त्याच्याच चालीने,
आणि रोज दिसणाऱ्याचं म्हातारपण
रोज बघणाऱ्याला कुठे दिसतं.

"कधीपासून खरखरतंय?"
"खरखर नाही गं. फक्त स आणि श.
तेही शेवटच्या गाण्यात, लेबलाजवळ,
जिथे वळसे आखडत येतात,
तिथे सगळे दातांतून थुंकल्यासारखे."
सगळे म्हणजे सात. चौऱ्याहत्तर साल,
ट्रकच्या कारखान्यातलं गायकमंडळ.
खर्जातला तिसरा, हाच.
"मला वाटलं," तो म्हणाला,
"तबकडीतसुद्धा पिकत असेल माणसाचा आवाज."

भिंगाखाली हिरा.
टोक गोल हवं होतं.
दोन्ही गाल सपाट, कडेला धार,
छोटीशी छिन्नीच.
"किती तास वाजलीय?"
"कोण मोजतं?"
मीच मोजले, बिलाच्या पाठीवर:
रोज रात्री एक बाजू, वीस मिनिटं, अकरा वर्षं.
तेराशेच्या वर. आठशेलाच उतरवायची असते.
तो आकड्याकडे बघत राहिला.
"म्हणजे इतके तास
मी त्यांना तासत होतो."

नवी सुई तिबिलिसीहून आली, भाच्याच्या खिशातून.
जुनीपेक्षा निमुळती.
मी बजावलं: खरवडलेलं भरून येणार नाही.
नाहीच आलं. शेवटच्या गाण्यात
श अजूनही फाटतो, दोन जागी तर वाईट.

पण पहिल्या गाण्याआधी,
खाचेच्या तळाशी, जिथे जुनी कधी पोचलीच नव्हती,
सात जणांनी एकदम श्वास घेतला
आणि एकाने खोकला गिळला.

"शोता," दोमेंती म्हणाला.
"ओतशाळेत होता. धूळ खायचा."

गाणं सुरू झालं. ते त्याने ऐकलंच नाही,
दांडी उचलून पुन्हा कडेला ठेवली.
पुन्हा श्वास. पुन्हा शोता.
तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरला.

जाताना पेन्सिल मागितली,
काडेपेटीवर तारीख घातली
आणि खाली एक बारीक रेघ ओढली.
मग विचारलं,
"नुसता श्वास ऐकला तर
किती मिनिटं धरायची?"